हाफ क्लचचा वास आणि तेलाचा भोवरा

माझा भाचा मेलबर्नला असतो. गेल्या वर्षी त्याने अडीच टनांची कॅराव्हॅन घ्यायचं ठरवलं. कॅराव्हॅन म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं छोटं घर. ते ओढायला टोयोटाची हायलक्स ही पिकअप घ्यायची हेही ठरलं होतं. व्हिडिओ कॉलवर विषय निघाला आणि दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावांनी, निकालच देऊन टाकला: "ऑटोमॅटिक घेऊ नकोस बाळा, ती लोड घेत नाही. ओढायचं काम असेल तर गिअरचीच गाडी पाहिजे."

दादांनी शिरोळ तालुक्यात तीस वर्षं ऊस वाहिलाय. डबल ट्रॉली मागे लावून रात्री-अपरात्री कारखाना गाठणाऱ्या माणसाला ओढकाम शिकवायला मी कोण? तरीही या बाबतीत त्यांचं म्हणणं खरं नाही आणि ते का खरं नाही याचं कारण फार सुंदर आहे.

आधी आकडे. हायलक्सच्या २.८ लिटर डिझेल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मॅन्युअल म्हणजे हाताने बदलायच्या गिअरबॉक्सबरोबर ४२० न्यूटन-मीटर आणि ऑटोमॅटिकबरोबर ५०० न्यूटन-मीटर. इंजिन एकच. आपल्याकडच्या फॉर्च्युनरलाही हेच आकडे आहेत. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० डिझेलमध्ये ते ४२० आणि ४५० आहेत. ऑटोमॅटिक कमजोर असती तर कंपन्यांनी जास्तीचा टॉर्क तिलाच कशाला दिला असता? अमेरिकेत तर २०१८ च्या रॅम ३५०० या अवजड पिकअपमध्ये कमिन्सचं तेच ६.७ लिटर इंजिन मॅन्युअलबरोबर सुमारे ८९५ न्यूटन-मीटरवर रोखलेलं होतं आणि सर्वांत दणकट ऑटोमॅटिकबरोबर सुमारे १२६० पर्यंत सोडलेलं होतं. त्या वर्षानंतर रॅमने मॅन्युअल बंदच केली.

म्हणजे अडचण इंजिनात नाही. ती आहे इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे एकमेकांना भेटतात तिथे, म्हणजे क्लचमध्ये.

मी सातवी-आठवीत असताना एकदा दादांच्या शेजारी मडगार्डवर बसून कारखान्याला निघालो होतो. पुलाच्या चढावर पुढची बैलगाडी थांबली म्हणून आम्हीही थांबलो. मग निघताना दादांनी हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, ट्रॅक्टर धरला, इंजिन गुरगुरलं, ट्रॉल्या इंच-दोन इंच हलल्या आणि पुन्हा मागे आल्या. असं चार-पाच वेळा झालं. मग तो वास आला. जळक्या केसांसारखा, थोडा डांबरासारखा, घशात बसणारा. क्लच प्लेट गेली होती. मागून येणाऱ्यांनी ट्रॉलीच्या चाकांना दगड लावले, ऊस दुसऱ्या ट्रॅक्टरने नेला, आणि नवी प्लेट बसवल्यावर ट्रॅक्टरला नवी लिंबू-मिरचीही बांधली गेली, कारण नजर लागली होती म्हणे. नजर वगैरे काही लागली नव्हती. त्या प्लेटवर किती उष्णता ओतली गेली याचा हिशेब शाळेतल्या गणितानेही होतो, आणि तो एकदा केला की लिंबाची गरज उरत नाही.

भाच्याच्या गाडीचाच हिशेब करू. गाडी माणसांसकट २,३०० किलो, कॅराव्हॅन २,५०० किलो, एकूण ४,८०० किलो. रस्ता दहा मीटरला एक मीटर चढणारा. गुरुत्वाकर्षण गाडीला साधारण ४,७०० न्यूटन बलाने मागे ओढणार, टायरचं घर्षण धरून ५,४००. इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर धरलंय आणि पहिल्या गिअरमध्ये तेवढ्या फेऱ्यांना वेग पडतो ताशी १२ किलोमीटर. आता क्लचची एक बाजू इंजिनाबरोबर १,५०० फेऱ्यांनी फिरतेय आणि दुसरी बाजू शून्यावर उभी आहे. दोन्ही बाजू जुळेपर्यंत प्लेट घासत राहणार. चालकाने चढाच्या ओढीपेक्षा दीडपट जोर लावला तर जुळायला सहा सेकंद लागतात. या सहा सेकंदांत इंजिनाने दिलेली निम्मी ऊर्जा घासण्यात जाते, कारण एक बाजू सतत पूर्ण वेगात आहे आणि दुसरी शून्यापासून वर येतेय. उत्तर येतं सुमारे ८० किलोज्यूल. पाव लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीला आणायला एवढीच ऊर्जा लागते.

म्हणजे चढावर एकदा गाडी उचलली की एका मोठ्या कपाचं चहाचं पाणी उकळलं, आणि ते काही मिलिमीटर जाडीच्या अस्तरावर, बंद घरात, जिथे वारा लागत नाही. पाच वेळा ओळीने केलं की पाच कप. कॅराव्हॅन रिव्हर्समध्ये चढावरच्या जागेत लावताना तर मिनिटभर हाफ क्लचवरच काम चालतं. आणि एवढं सोसून क्लच टॉर्कमध्ये भर किती घालतो? काहीच नाही. इंजिनाकडून आला तेवढाच पुढे देतो.

हायलक्सच्या ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी बसणारा टॉर्क कन्व्हर्टर इथेच वेगळा पडतो. माझा जीव या यंत्रावर आहे, म्हणून जरा थांबतो.

दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवा, एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो. दोघांत कुठलाही सांधा नाही, फक्त हवा. हवेच्या जागी तेल घाला, दोन्ही फॅन एका बंद डब्यात जवळजवळ चिकटवून ठेवा. इंजिनाला जोडलेला तो पंप, गिअरबॉक्सला जोडलेला तो टर्बाइन. पंप तेलाला बाहेरच्या कडेकडे भिरकावतो, तेल टर्बाइनच्या पात्यांवर आपटतं, त्यांना ढकलतं आणि मधल्या भागातून पंपाकडे परत येतं. गाडी ब्रेकवर उभी असली तरी पंप फिरू शकतो, कारण घासायला प्लेटच नाही. पण एवढ्यावर थांबलो तर हीसुद्धा क्लचसारखीच बिनवाढीची देवाणघेवाण. आला तेवढा टॉर्क पुढे.

खरी करामत तिसऱ्या चाकाची, स्टेटरची. टर्बाइन थांबलेला किंवा हळू फिरत असतो तेव्हा त्याच्या वळलेल्या पात्यांवरून तेल उलट दिशेने परततं. तसंच पंपात शिरलं तर पंपाला अडवेल. मध्ये बसलेला स्टेटर या तेलाला वळवून पंपाच्या फिरण्याच्या दिशेने सोडतो. तेलाची दिशा बदलायची तर त्यावर बल लावावं लागतं, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने तेल स्टेटरला तेवढंच उलट ढकलतं. स्टेटर मागे फिरू शकत नाही, तो गिअरबॉक्सच्या घराला अडकलेला आहे. तेलाच्या या भोवऱ्याचा हिशेब असा जमतो: टर्बाइनला मिळालेला टॉर्क म्हणजे पंपाने दिलेला अधिक स्टेटरने दिलेला. जास्तीचा टॉर्क इंजिनाने दिला नाही, तो गाडीच्या सांगाड्याने टेका देऊन दिला. पहारेने दगड उचलताना खालचा टेकू जे करतो तेच. ऊर्जा वाढत नाही, वेग देऊन जोर घेतला जातो.

टर्बाइन थांबलेला असताना ही वाढ साधारण दुप्पट असते, काही ठिकाणी त्याहूनही थोडी जास्त. टर्बाइन अर्ध्या वेगाला आला की वाढ समजा दीडपट उरली, म्हणजे कार्यक्षमता अर्धा गुणिले दीड, ७५ टक्के. टर्बाइन पंपाच्या नव्वदेक टक्के वेगाला पोचला की परतणाऱ्या तेलाचा रोखच बदलतो, ते स्टेटरच्या पाठीवर आदळायला लागतं. अशा वेळी स्टेटर अडून राहिला तर नुकसान, म्हणून त्याच्या पोटात एकाच दिशेने फिरू देणारा क्लच असतो. सायकलच्या मागच्या चाकातलं फ्रीव्हील आठवा, अगदी तेच. स्टेटर मोकळा होऊन बरोबर फिरू लागतो. आणि शेवटी लॉक-अप क्लच पंप आणि टर्बाइन एकमेकांना थेट जखडतो, मग घसरण शून्य.

आता कागदावरच्या एका फसव्या आकड्याकडे बघा. मॅन्युअल हायलक्सच्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर, म्हणजे तो टॉर्क किती पट करतो ते, साधारण ४.८, ऑटोमॅटिकचं ३.६. मॅन्युअलच जिंकली असं वाटतं. पण निघताना ३.६ ला कन्व्हर्टरच्या दोनने गुणायचं असतं. ७.२.

हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने याचं पेटंट १९०५ साली घेतलं तेव्हा त्याच्या डोक्यात मोटारी नव्हत्याच. तो श्टेटिन या बंदरातल्या जहाजकारखान्यात होता. वाफेचं टर्बाइन वेगात चांगलं चालतं, जहाजाचा पंखा सावकाश, या दोघांचं जमवायचं कसं हा त्याचा प्रश्न होता.

दुसरा फायदा चालू गाडीत. वर काढलेल्या चढावर क्लच दाबून गिअर बदलायला एक सेकंद लागला तर गाडीचा वेग ताशी चार किलोमीटरने पडतो, वर पुन्हा क्लच सोडताना मागच्या वजनाचा हिसका. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये एक गिअर सुटता सुटता दुसरा धरला जातो, चाकांची ओढ तुटत नाही.

मग दादा पूर्ण चुकले का? नाही. "ऑटोमॅटिक" या एका शब्दाखाली आपल्याकडे वेगवेगळी यंत्रं विकली जातात. छोट्या गाड्यांतल्या एएमटीमध्ये नेहमीचीच क्लच प्लेट असते, फक्त पायाऐवजी मोटर ती दाबते. चढावर ती तशीच तापते. न्हावा-शेव्याहून कंटेनर घेऊन बोरघाट चढणाऱ्या काही मोठ्या ट्रेलरमध्येही आता बारा गिअरची एएमटी असते, पण तिथला पहिला गिअर इतका संथ असतो की प्लेट फार वेळ घासतच नाही. त्यामुळे शोरूममध्ये विचारायचं ते "टॉर्क कन्व्हर्टर आहे का?" एवढंच. शेतात दिवसभर एका ठरलेल्या संथ वेगाने चालणाऱ्या, गावातल्याच मिस्त्रीकडे खोलता येणाऱ्या ट्रॅक्टरला साधा क्लच अजूनही बरा.

कन्व्हर्टरलाही उष्णता चुकलेली नाही. लांब चढावर लॉक-अप सुटलेला राहिला, इंजिन ६० किलोवॉट देतंय आणि १५ टक्के घसरणीत जातायत, तर ९ किलोवॉट तेलात मुरतात. घरातले २ किलोवॉटचे चार गिझर एकदम चालू केल्यासारखं. फरक इतकाच की तेल वाहतं, उष्णता उचलून कूलरपर्यंत नेतं, वाऱ्याला देतं. कूलर लहान असेल किंवा तेल जुनं असेल तर लालसर तेल काळपट होतं आणि त्यालाही तोच ओळखीचा जळका वास यायला लागतो. "हे तेल गाडीच्या आयुष्यभर बदलावं लागत नाही" ही जाहिरातीची भाषा ओढकामाच्या गाडीत कोणी मानू नये.

उताराबद्दलही सांगायलाच हवं. डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल टाकायची सवय आपल्याकडे अजून आहे आणि ती जीव घेते. शिवाय त्यात डिझेलही वाचत नाही. गिअरमध्ये असताना, पाय उचललेला असेल तर आजची इंजिनं इंधन पूर्ण तोडतात. न्यूट्रलमध्ये मात्र नुसतं चालू राहण्यासाठी त्यांना इंधन लागतंच. मागे अडीच टन असताना गाडी ऑटोमॅटिक असो वा नसो, हाताने खालचा गिअर धरूनच उतरायचं.

भाच्याने ऑटोमॅटिक घेतली, मोठा कूलर बसवून घेतला आणि डॅशबोर्डखालच्या सॉकेटला तेलाचं तापमान दाखवणारं छोटं उपकरण लावलं. गेल्या महिन्यात त्याने एका लांब चढाचे दोन फोटो पाठवले. गिअर गाडीवर सोडला होता तेव्हा ती चौथा-पाचवा, चौथा-पाचवा करत राहिली, लॉक-अप सुटत राहिला, तेल ११२ अंशांवर. परतीच्या वेळी तशाच चढावर त्याने चौथा हाताने धरून ठेवला, तेल ९६. दादांनी दोन्ही फोटो मोठे करून पाहिले आणि विचारलं, "त्या तिसऱ्या चाकाचं काय म्हणालास, ते परत एकदा सांग."