सामोआ: कुळाचा किताब आणि राष्ट्रप्रमुखाचे पद

पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या द्वीपदेशाच्या राष्ट्रप्रमुखाचा उल्लेख कधी राजा म्हणून होतो, तर कधी देशातला सर्वांत मोठा सरदार म्हणून, आणि या दोन्ही वर्णनांत परंपरेचा किताब व घटनेने निर्माण केलेले पद यांची सरमिसळ होते. ही सरमिसळ होण्यामागे इतिहास आहे. 1 जानेवारी 1962 रोजी तेव्हाचे पश्चिम सामोआ न्यूझीलंडच्या प्रशासनातून स्वतंत्र झाले, तेव्हा तुपुआ तामासेसे मेआओले आणि मलिएतोआ तानुमाफिली दुसरे या दोघांना राज्यघटनेनेच तहहयात संयुक्त राष्ट्रप्रमुख केले. मेआओले 1963 मध्ये निधन पावले. मलिएतोआ मात्र 2007 पर्यंत, म्हणजे पंचेचाळीस वर्षे पदावर राहिले. किताब आणि पद इतका काळ एकाच माणसाकडे असले की बाहेरून पाहणाऱ्याला ते एकच वाटू लागतात.

आधी किताबाकडे पाहू. सामोआत ‘आइगा’ म्हणजे विस्तारित कुळ, आणि त्या कुळाच्या किताबाचा धारक तो ‘मताई’. मताई पुरुष असू शकतो, स्त्रीही असू शकते. आपल्याकडच्या पाटीलकीप्रमाणे हा मान वडिलांकडून थोरल्या मुलाकडे आपोआप येत नाही. कुळाच्या निरनिराळ्या शाखा एकत्र बसतात, वंशावळ आणि कुळाची केलेली सेवा या दोन्हींचा विचार करतात आणि शक्य तोवर एकमताने नाव ठरवतात. मग ‘साओफाई’ नावाचा समारंभ होतो, ज्यात वक्ते-सरदारांची भाषणे होतात, ‘आवा’ या मुळीपासून केलेले पेय क्रमाने दिले जाते आणि बारीक विणीच्या मौल्यवान चटया भेट दिल्या जातात. तिथून पुढे तो किताब त्या व्यक्तीच्या नावाचाच भाग होतो. कुळाच्या जमिनीवरचा अधिकारही किताबाशी जोडलेला असल्यामुळे, आणि देशातली बहुतांश जमीन आजही पारंपरिक मालकीची असल्यामुळे, किताबाचा वाद हा केवळ मानापानाचा वाद नसतो.

राष्ट्रप्रमुखपदाचे तसे नाही. पहिल्या दोघांचा अपवाद संपल्यावर घटनेतली मूळ तरतूद लागू झाली: राष्ट्रप्रमुखाची निवड संसद करते, मुदत पाच वर्षांची असते आणि कारभार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालवावा लागतो. 2007 मध्ये या रीतीने निवडून आलेले पहिले राष्ट्रप्रमुख तुपुआ तामासेसे एफी होते. त्यांचा जीवनक्रम पाहिला तर किताब आणि पद किती वेगळे आहेत ते स्पष्ट दिसते. 1976 मध्ये ते पंतप्रधान झाले, तेव्हा तुपुओला एफी या नावाने ओळखले जात. तुपुआ तामासेसे हा किताब त्यांना त्यानंतरच्या दशकात मिळाला. 2017 मध्ये संसदेने त्यांच्या जागी तुइमालेआलीइफानो वाआलेतोआ सुआलाउवी दुसरे यांना निवडले. एफींचे पद गेले, किताब त्यांच्याकडेच राहिला, कारण तो संसदेने दिलेला नव्हता.

मलिएतोआ, तुपुआ तामासेसे, माताआफा आणि तुइमालेआलीइफानो हे चार किताब ‘तामा-आ-आइगा’ म्हणून सर्वोच्च मानले जातात, आणि राष्ट्रप्रमुख याच चौघांमधून घ्यायचा असा नियम असल्याचे अनेकदा सांगितले जाते. हा संकेत आहे, घटनेतली अट नाही. उमेदवार संसदेवर निवडून येण्यास पात्र असावा, असे घटना सांगते. खासदारकीसाठी मताई असणे आवश्यक असल्यामुळे किताब त्या वाटेने पदाच्या पात्रतेत शिरतो, परंतु कायद्यापुरते पाहिले तर कोणत्याही कुळाचा किताब चालू शकतो. संकेत मात्र आजवर कधी मोडलेला नाही. चौघांपैकी माताआफा किताबाचा धारक अद्याप राष्ट्रप्रमुख झालेला नाही, तरी देशाचे पहिले पंतप्रधान फिआमे माताआफा फाउमुइना मुलिनूउ दुसरे याच किताबाचे होते.

वाद निर्माण झाला की दोन्हींच्या वाटा वेगळ्या होतात. किताब कोणाचा, हा प्रश्न जमीन व किताब न्यायालयात जातो, ज्याची सुरुवात जर्मन राजवटीत 1903 मध्ये झाली. मे 2021 मध्ये राष्ट्रप्रमुखांनी नव्या संसदेची बैठक स्थगित केली, तेव्हा तो आदेश सर्वोच्च न्यायालयासमोर गेला आणि बेकायदा ठरला. त्यांच्या तुइमालेआलीइफानो या किताबाला त्या निकालाने कुठेही हात लावला नाही.