अवतरण-छाटणी

अवतरण-छाटणी : गटचर्चेत एखाद्या संदेशाला उत्तर देताना मूळ संदेशातला उत्तराला लागेल तेवढाच भाग सोबत ठेवून बाकीचा काढून टाकण्याची पद्धत. ही शिस्त रुजली ती यूजनेट (संगणकांच्या जाळ्यावरची जुनी सार्वजनिक गटचर्चा) आणि ईमेलच्या काळात, अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये. विदर्भाच्या खेड्यांत ती शेतीविषयक व्हॉट्सॲप गटांतून, कसलेही नाव न घेता आणि बरीचशी अर्धवट पोहोचली. छाटणीने जागा वाचते, हे तिचे कारण म्हणून सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण पंधरा जण एकाच वेळी बोलत असताना कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे ते वाचणाऱ्याला चटकन कळणे, यासाठी तिची गरज अधिक आहे.

उगम

यूजनेटची कल्पना ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये मांडली आणि पुढच्या वर्षी ते सुरू झाले. एका संगणकाने दुसऱ्याला फोन लावायचा आणि साठलेल्या संदेशांचा गठ्ठा त्याच्याकडे सरकवायचा, अशी ही रचना होती. एकाने लिहिलेला संदेश केंद्रागणिक नकलला जाई आणि फोनचे बिल त्या त्या केंद्राच्या माथी बसे. साहजिकच फुकट वाहिलेली प्रत्येक ओळ कोणाच्या तरी खिशातून जात होती. उद्धृत ओळीच्या सुरुवातीला > हे चिन्ह लावण्याची रीत याच जगात पक्की झाली. उत्तराला उत्तर आले की चिन्हे दोन होत, मग तीन. चिन्हे मोजली की कोण कोणाशी बोलतो आहे ते समजे.

संदेश पाठवणाऱ्या काही प्रणालींनी पुढे नियमच घातला, की नव्या ओळींपेक्षा उद्धृत ओळी जास्त असतील तर संदेश स्वीकारायचा नाही. लोकांनी त्यावर लगेच तोड काढली. कोणी > ऐवजी दुसरेच चिन्ह वापरू लागले, कोणी शेवटी निरर्थक ओळी भरून हिशेब जुळवू लागले. यंत्राकडून शिस्त लावून घेण्याचा तो प्रयोग फसलाच म्हणायचा. ऑक्टोबर १९९५ मध्ये निघालेल्या ‘आरएफसी १८५५’ या शिष्टाचार-पुस्तिकेत इंटेलच्या सॅली हॅम्ब्रिज यांनी सक्तीची भाषा टाळली. उत्तराच्या वर मूळ संदेशाचा सारांश द्यावा, किंवा संदर्भ लागेल इतकाच मूळ मजकूर ठेवावा, असा तिचा साधा सल्ला आहे. यातला सारांशाचा पर्याय पुढे बहुतेक जण विसरले.

उत्तर अवतरणाच्या वर लिहायचे, खाली लिहायचे, की मुद्द्यामुद्द्याच्या मध्ये, यावरही त्या काळी हमरीतुमरी झाली. तिचा निकाल वादाने लागला नाही. मायक्रोसॉफ्ट आउटलुकने कर्सर सर्वांत वर आणून ठेवला आणि खाली जुनी साखळी तशीच लटकत ठेवली. कचेऱ्यांतल्या लोकांनी कर्सर होता तिथे लिहिले, झाले. २००४ मध्ये आलेल्या जीमेलने जुना मजकूर तीन ठिपक्यांमागे दुमडला. तो डोळ्यांआड गेला, संदेशातून गेला नाही. ईमेल-गटाचे दिवसभराचे सगळे संदेश एकाच टपालात मागवणारा सदस्य जेव्हा त्या टपालालाच उत्तर देतो, तेव्हा एका ‘धन्यवाद’खाली अख्ख्या दिवसाची चर्चा पुन्हा सर्वांना जाते, ती यामुळेच.

देवनागरीत हे ओझे आणखी वाढते. यूटीएफ-८ या संकेतनात साध्या इंग्रजी अक्षराला १ बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ लागतात. तेच चिन्ह ईमेलच्या ‘कोटेड-प्रिंटेबल’ पद्धतीने पाठवले, तर त्याची ९ अक्षरे होतात. ‘कपाशी’ या शब्दात क, प, काना, श आणि वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत, म्हणजे तो ४५ अक्षरांचा होऊन प्रवास करतो.

विदर्भातील गट

यवतमाळ, वाशीम, बुलढाणा किंवा गडचिरोलीच्या खेड्यात गटचर्चा म्हणजे व्हॉट्सॲप. ईमेलचा टप्पा बहुतेकांच्या वाट्याला आलाच नाही. संदेशाला धरून उत्तर देण्याची सोय व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये दिली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, त्यामुळे गावाकडच्या अनेकांना ‘रिप्लाय’ आणि इंटरनेट या दोन गोष्टी एकदमच भेटल्या. एकेका गटात कपाशी-तुरीवाले शेतकरी, कृषी सहायक, कृषी सेवा केंद्राचा दुकानदार, बचत गटाच्या ताई आणि पुण्याला नोकरीस गेलेली पोरे असे सारे असतात. गटाची मर्यादा २५६ सदस्यांची होती; २०२२ मध्ये ती आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. पहिल्या पावसानंतर पेरणीची घाई सुरू झाली, किंवा पऱ्हाटीवर (म्हणजे कपाशीवर) अळी दिसली, की या गटांत तासाभरात वरचा संदेश दिसेनासा होतो. ‘मेसेज टॅग करून बोला’ असे ॲडमिनने बजावणे हा मग रोजचाच भाग.

व्हॉट्सॲपच्या रिप्लायमध्ये मूळ संदेश आपोआप चौकटीत येतो, पण त्यातला हवा तो तुकडा निवडता येत नाही. चौकटीत दिसतात त्या सुरुवातीच्या काही ओळी. म्हणजे छाटणी होतेच, पण ती माणूस करत नाही आणि अर्थ पाहून तर मुळीच होत नाही. गटात येणाऱ्या कृषी-सल्ल्याच्या सुरुवातीला ‘नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो’ असते. परिणामी खाली आलेल्या दहाही उत्तरांच्या चौकटींत नमस्कार तेवढा झळकतो आणि प्रश्न सापळ्याचा होता की फवारणीचा, ते वर जाऊन शोधावे लागते. टेलिग्रामने २०२३ मध्ये संदेशातला निवडक भाग उद्धृत करण्याची सोय दिली. गावाकडचे गट मात्र आहेत तिथेच आहेत. मामा, काका, दुकानदार सगळे व्हॉट्सॲपवर असताना एकट्याने घर बदलून काय करायचे?

म्हणून हाताने छाटणी करणारे कॉपी-पेस्टचा मार्ग धरतात. समजा, गुलाबी बोंडअळीबद्दल पंधरा ओळींचा सल्ला आला. त्यात हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावा, डोमकळ्या (अळी लागून न उमललेली फुले) तोडून नष्ट करा, ५ टक्के निंबोळी अर्क फवारा, फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेले कपाशीचे पीक) घेऊ नका, असे सारे काही आहे. ज्याची शंका एकाच ओळीपुरती आहे तो तेवढीच ओळ उचलतो :

> सलग तीन रात्री सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग दिसले तर फवारणीचा निर्णय घ्यावा.
सर, हे आठ पतंग एका सापयातले का साऱ्या सापयाईचे मिळून?

याचे उत्तर ‘एका सापळ्यातले, दर रात्री’ इतके छोटे असते. अवतरण नसते तर या चार शब्दांवरून दुसऱ्या दिवशी कोणालाच काही उमगले नसते, आणि पंधराही ओळी वर असत्या तर ते कोणाच्या नजरेस पडले नसते. ओळीच्या आधी > लिहून अवतरण वेगळे दाखवण्याची सोय व्हॉट्सॲपमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. यूजनेटचे जुने चिन्ह असे चार दशकांनी पऱ्हाटीच्या गटात उगवले. ते कसे टाकायचे हे ठाऊक असलेले सदस्य थोडे, ही गोष्ट वेगळी. जिओफोनसारख्या २.४ इंची पडद्याच्या आणि आकड्यांच्या बटणांच्या फोनवर व्हॉट्सॲप चालत असे तेव्हा तर ओळ निवडून कापणे हा छळच असे. अशा सदस्याकडून छाटणीची अपेक्षा धरण्यात अर्थ नव्हता.

काय ठेवायचे

नमस्कार, फुलांची चित्रे, ‘जास्तीत जास्त शेअर करा’, पाठवणाऱ्याचे पद, आधीच्या तीन उत्तरांची साखळी, ईमेलखालची गोपनीयतेची सूचना हे सगळे बिनदिक्कत काढावे. सहीच्या बाबतीत यूजनेटवर चार ओळींची मर्यादा पाळण्याचा प्रघात होता. ज्याचे बोलणे उद्धृत केले त्याचे नाव राहू द्यावे. मात्रा असेल तर आकड्यासोबत एकक आणि पाण्याचे प्रमाणही ठेवावे. ‘२० मिली’ एवढेच उरले आणि ते पंपाला की एकराला हे कापले गेले, तर तो सल्ला राहत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, तेव्हापासून औषधाच्या बाबतीत अशी मोघम उत्तरे पाहिली की जाणते सदस्य खवळतात, आणि ते योग्यच आहे.

मराठीत खरा धोका वाक्याच्या शेपटीला आहे. आपला नकार शेवटी येतो. ‘कपाशी पात्यावर असताना सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधे फवारू नका’ या वाक्यातला शेवटचा शब्द पडला, तर उरतो तो नेमका उलटा सल्ला. ही औषधे लवकर फवारली की पांढरी माशी उसळते, म्हणूनच तर ते वाक्य लिहिलेले असते. लांब वाक्य चौकटीत मावत नाही तेव्हा ॲप कापते तेही शेवटूनच. इंग्रजी शिष्टाचार-पुस्तिकांत या धोक्याचा उल्लेख सापडत नाही, कारण त्या भाषेत नकार क्रियापदाच्या आधी येऊन गेलेला असतो. ‘तर’, ‘तरच’, ‘असल्यास’ या अटींचेही तसेच. मराठी वाक्य उचलायचे तर पूर्णविरामापर्यंत उचलावे, मधले काढले असल्यास तिथे तीन टिंबे द्यावीत, आणि नकार देणारा सल्ला लिहिणाऱ्यानेच ‘फवारू नका :’ अशी सुरुवात करावी. हा शेवटचा उपाय साधा आहे, तरी फार कमी जण करतात.

बोललेल्यातले निवडक वेगळे काढणे आणि त्याचा प्रसंग न हरवणे, ही ओढाताण विदर्भाला नवी नाही. चक्रधरस्वामींच्या लीळांमधली त्यांची वचने वेगळी काढून केसोबासांनी ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. वचने अशी सुटी झाल्यावर कोणते वचन कोणत्या प्रसंगी निघाले हे सांगणारी ‘प्रकरणवश’ची जोडही महानुभाव परंपरेने जपली. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला ज्या परंपरेचे मोठे केंद्र आहे तिने संदर्भाची इतकी काळजी वाहिली, आणि तिथूनच काही कोसांवरच्या संत्र्याच्या गटांत ‘ताण किती दिवस द्यायचा’ (म्हणजे बहार धरण्यासाठी झाडाचे पाणी किती दिवस तोडायचे) या प्रश्नाचे उत्तर अंबिया बहाराचे की मृगाचे हे न सांगता फिरते.

मान, भांडण आणि पुरावा

गावात छाटणीला आणखी एक अडचण आहे, ती मानाची. वडीलधाऱ्याच्या संदेशातली एकच ओळ उचलली तर ‘माह्यं अर्धंच काऊन टाकलं?’ असे ऐकावे लागते. अख्खा संदेश सोबत ठेवणे हा आदर आणि कापणे हा आगाऊपणा, असे अनेकांना वाटते. यावर गटांनी शोधलेली वाट म्हणजे आधी नावानिशी संबोधन, ‘काका, तुमचं सगळं वाचलं, फक्त सापळ्याचं विचारतो’, आणि मग ती ओळ. इथे एक वाक्य वाढते, पण भांडण टळते.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उलटे होते. तिथे छाटणी मुद्दाम वाईट हेतूने केली जाते. ‘रस्ता झाला नाही असं विरोधक म्हणतात’ यातले ‘रस्ता झाला नाही’ तेवढे सरपंचाच्या नावावर फिरवायचे, की काम झाले. अशा वेळी मूळ संदेशाला रीतसर धरलेला रिप्लाय उपयोगी पडतो, कारण चौकटीवर बोट टेकवले की अख्खा मूळ संदेश समोर येतो. कॉपी-पेस्ट केलेल्या ओळीला तशी वाट नसते. गट वादाचा असेल तर रिप्लाय आणि सल्ल्याचा असेल तर नेमकी ओळ, असा ढोबळ निवाडा करता येईल. मूळ संदेश ‘सर्वांसाठी’ पुसला तरी आधीच्या रिप्लायच्या चौकटीत त्याचा तुकडा मागे राहू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. चुकलेली मात्रा नुसती पुसून भागत नाही, दुरुस्ती वेगळी लिहावी लागते.

छाटणी न करणे जिथे रास्त आहे अशी एक जागा म्हणजे कचेरीचा पत्रव्यवहार. शेतकरी उत्पादक कंपनी बँकेशी किंवा विमा कंपनीशी ईमेलवर बोलते तेव्हा खाली लटकलेली साखळी हाच पुरावा असतो. सरकारी फाइलच्या टिपणीत जसे आधीच्या प्रत्येकाचे शेरे क्रमाने टिकतात, तसेच ते. फक्त हीच साखळी उद्या गावच्या गटात पुढे ढकलताना तिच्या तळाशी कोणाचा खातेक्रमांक, कोणाचा आधार क्रमांक आणि सातबारा बसला आहे, ते पाहून तेवढे कापणे भाग आहे. तीन ठिपक्यांमागे दुमडलेला मजकूर दिसत नसल्याने हीच चूक जास्त होते.

बोलके संदेश

टाइप करण्याचा कंटाळा किंवा अडचण असलेले पुष्कळ सदस्य आवाजी संदेश पाठवतात. दुसऱ्याच्या आवाजी संदेशाला उत्तर देताना त्यातला तुकडा उचलता येत नाही आणि चौकटीत दिसते ते नुसते माईकचे चित्र आणि लांबी. त्यामुळे बोलणारा तोंडानेच संदर्भ जोडतो : ‘भाऊनं सकायी जे डोमकयीचं इचारलं होतं, त्याचं सांगतो.’ हॅम्ब्रिज यांच्या पुस्तिकेतला सारांशाचा पर्याय तो हाच. एरवी पारावर चाललेल्या बोलण्यातही माणसे असेच करतात, त्यामुळे हे कोणाला शिकवावे लागलेले नाही. ज्यांच्या फोनवर मजकूर वाचून दाखवणारी सोय चालू असते, अशा दृष्टिहीन सदस्यांनाही पुन्हा पुन्हा वाचल्या जाणाऱ्या लांब अवतरणापेक्षा असा एका वाक्याचा संदर्भ सोयीचा पडतो.