अंड्याविना बांधलेलं कटलेट: रशियन उपवासाच्या ताटामागचा इतिहास

ईस्टरच्या आधीचे सात आठवडे उपवास पाळणाऱ्या रशियन ऑर्थोडॉक्स घरात मांस शिजत नाही, दूध-लोणी-चीज बंद असतं आणि अंडीही बंद असतात. तरीही तव्यावर कटलेट असतं: कुट्टूचं (बकव्हीटचं), वाटाण्याचं, बटाट्याचं, कधी मशरूम घातलेलं. धान्य आणि कडधान्य या उपवासाला पूर्ण चालतात, त्यामुळे कटलेट कशाचं करायचं हा प्रश्न कधी नव्हता. ते अंड्याशिवाय तव्यावर फुटू कसं द्यायचं नाही, हा खरा प्रश्न होता आणि या पदार्थाचा सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

नियम पदार्थापेक्षा कितीतरी जुना आहे. बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करण्याची ख्रिस्ती प्रथा सुरुवातीच्या शतकांपासूनची. अंड्यांचा निकाल मात्र 692 साली लागला. कॉन्स्टॅन्टिनोपलच्या राजवाड्यातल्या घुमटाच्या दालनात धर्मसभा भरली होती. अर्मेनियात ईस्टरपूर्व उपवासाच्या शनिवार-रविवारी लोक अंडी आणि चीज खातात, ही तक्रार तिच्यापुढे आली. सभेने छप्पन्नावा नियम केला: जो प्राणी वर्ज्य, त्याच्यापासून जे येतं तेही वर्ज्य. पश्चिमेकडच्या चर्चने पुढे लोण्या-अंड्यांना सवलती दिल्या, पूर्वेने दिल्या नाहीत. 988 मध्ये कीवचा राजा व्लादिमीर याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो याच पूर्वेकडून, आणि नियमही सोबत आला. चार मोठे उपवास, शिवाय वर्षभरातले बुधवार-शुक्रवार धरले तर सुमारे दोनशे दिवस होतात. म्हणजे अर्ध्याहून अधिक वर्ष अंड्याविना. इतके दिवस नुसती नड भागवून निघत नाहीत, त्यासाठी वेगळं पाकशास्त्रच उभं राहावं लागतं.

जुन्या रुसमध्ये, म्हणजे रशियाच्या पूर्वरूपात, कटलेट नव्हतं, पण त्याचं बीज होतं: वाटाण्याचं किसेल. वाळलेल्या वाटाण्याचं पीठ पाण्यात कालवून, सतत ढवळत घट्ट शिजवायचं, पसरट भांड्यात ओतून गार करायचं आणि सुरीने वड्या पाडायच्या. वर भांगेच्या बियांचं तेल. हे किसेल रस्त्यावरही विकलं जाई. त्यात ना अंडं, ना मैदा; शिजलेला स्टार्च गार होताना स्वतःच घट्ट होतो आणि वडी उभी राहते. बांधणीचं निम्मं ज्ञान इथेच होतं.

‘कोत्लेता’ हा शब्द नंतर आला, फ्रेंचमधून. मूळ अर्थ बरगडीच्या हाडासकट असलेला मांसाचा तुकडा. रशियात तो हळूहळू खिम्याच्या चपट्या गोळ्याला चिकटला, आणि एकदा नाव आकाराचं झालं म्हटल्यावर आत मांस असण्याची सक्ती उरली नाही. त्याच काळात दोन नव्या गोष्टी स्वयंपाकघरात शिरल्या. बटाट्याच्या लागवडीसाठी 1765 मध्ये सम्राज्ञी कॅथरीनच्या राजवटीत सरकारी फर्मान निघालं. शेतकऱ्यांनी तो सहज स्वीकारला नाही, 1840 च्या दशकात सक्तीविरुद्ध दंगेही झाले. दुसरी गोष्ट सूर्यफुलाचं तेल. 1830 च्या सुमारास आलेक्सेयेव्का गावात दानिइल बोकारेव यांनी ते घाण्यावर काढलं आणि जवस-भांगेच्या तेलांना स्वस्त, सौम्य पर्याय मिळाला. उपवासाला रशियनमध्ये ‘पोस्त’ म्हणतात, आणि वनस्पती तेलाला आजही बोलीत ‘पोस्त्नोए मास्लो’, म्हणजे उपवासाचं तेल, असंच म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. तेराशे वर्षांहून जुना नियम तेलाच्या बाटलीवर येऊन बसलाय. (कडक पाळणाऱ्यांना बऱ्याच दिवशी तेलही चालत नाही. तेव्हा कटलेट तळत नाहीत, भट्टीत भाजतात.)

आता बांधणी. कुट्टूची लापशी रशियन माणसाला मोकळी आवडते, दाणा न् दाणा वेगळा. कटलेटला ती चालत नाही. इथे हवी ‘राझमाझ्न्या’, म्हणजे पाणी जास्त घालून केलेली गिचगिचीत लापशी, जी एरवी बिघडलेली वाटेल. अख्ख्या दाण्यापेक्षा कुट्टूच्या कण्या बऱ्या, कारण त्या स्टार्च लवकर सोडतात. लापशी गरम असतानाच लाकडी चमच्याने घोटायची, त्यात परतलेला कांदा आणि किसलेला कच्चा बटाटा घालायचा. कच्चा बटाटा महत्त्वाचा: त्याचा स्टार्च तव्यावर शिजतो आणि अंड्याचं काम करतो. मग मिश्रण पूर्ण गार होऊ द्यायचं. हात ओले करून गोळा थापायचा, पाव-चुऱ्यात घोळवायचा, आणि खालची बाजू खरपूस होऊन तव्यापासून आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही. घाई केली की अर्धं कटलेट तव्यालाच राहतं. वाटाणा शिजला की मऊ होतो पण चिकट होत नाही, म्हणून त्याला रव्याची जोड लागते.

इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिश्चनांचे उपवासही वर्षात दोनशे दिवसांहून अधिक. तिथली तामेया, म्हणजे बाकल्याचा तळलेला वडा, हाच प्रश्न उलट्या दिशेने सोडवते. बाकल्याची डाळ भिजवायची पण शिजवायची नाही; कच्चीच वाटून तळली की तिचा स्टार्च तेलातच शिजून गोळा धरतो. तामेया कॉप्टांनी उपवासासाठी शोधली असं परंपरा सांगते. लेखी पुरावा तिला नाही, पण तिच्यात अंडं नाही एवढं खरं.

रशियात पुढे या पदार्थाला धर्माबाहेरचे वाली मिळाले. टॉलस्टॉय यांनी मांस सोडलं, 1892 मध्ये त्यावरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. 1901 मध्ये सेंट पीटर्सबर्गला शाकाहारी मंडळ स्थापन झालं, शहरांतून शाकाहारी खानावळी निघाल्या. सोव्हिएत काळात उपवास सार्वजनिक जीवनातून गेला, पण बिनमांसाचं कटलेट सरकारी खानावळीत टिकलं: गाजराचं, कोबीचं, रव्याचं, बाजरीवर्गातल्या धान्याचं. फक्त आता त्यात दूध आणि अंडं आलं. पथ्याचं जेवण म्हणून ते उत्तमच होतं, पण उपवासाचं राहिलं नव्हतं.

1988 मध्ये रुसच्या ख्रिस्तीकरणाची हजार वर्षं साजरी झाली, चर्च पुन्हा उघडू लागली आणि दोन-तीन पिढ्यांनी न पाळलेले उपवास लोक नव्याने धरू लागले. कटलेटची जी कृती हाताशी होती ती खानावळीची, अंडं धरून लिहिलेली. त्यातून अंडं वगळलं की गोळा तव्यावर फुटायचा. तेव्हा लापशीत पुन्हा जास्तीचं पाणी पडू लागलं, आणि कांद्याशेजारी किसणीवर कच्चा बटाटा आला.