बदक नर की मादी? आधी कान द्या

नाताळ जवळ आला की मुंबईतल्या गोराई-मनोरीच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, घरांत बदकांचा हिशोब सुरू होतो. अंडी देणाऱ्या माद्या राखायच्या, नर हंडीत. पण पांढऱ्या पेकिन बदकांत रंगावरून नर-मादी ओळखता येत नाही. मग लोक शेपटीकडे बघतात. नराच्या शेपटीवर दोन-चार पिसं कुरळी होऊन वर वळलेली असतात खरी, पण ती यायला तीन-चार महिने लागतात आणि पिसं झडायच्या दिवसांत गळूनही पडतात.

आवाज त्याआधी सांगतो. साधारण दीड-दोन महिन्यांत पिल्लाचा चिवचिवाट फुटतो. अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं खणखणीत ‘क्वॅक’ करते ती मादी. नर घसा बसल्यासारखा घोगरा बोलतो. पक्ष्यांचं ध्वनियंत्र श्वासनलिका दुभंगते तिथे असतं, आणि नर बदकात तिथेच डाव्या बाजूला हाडाचा पोकळ फुगा असतो. तो अंड्यातल्या गर्भातच घडतो. पिसांचं तसं नाही. मॅलार्ड या रानबदकाच्या नराच्या डोक्याचा हिरवा, झळाळता रंग ही खरं तर मूळ अवस्था. मादीला तपकिरी ठेवतं ते इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयातलं संप्रेरक. मादीचं एकच, डावं अंडाशय कामाचं असतं. ते म्हातारपणी किंवा आजाराने थकलं तर ती नराची पिसं अंगावर चढवते! मस्कोव्ही जातीला मात्र हे नियम लावू नका. तिथला नर नुसता फुसफुसतो, त्याच्या तोंडावर लाल मांसल गाठी असतात आणि वजन मादीच्या जवळपास दुप्पट भरतं.

तब्येतीच्या बाबतीतही नुसतं बघून भागत नाही, कारण बदक दुखणं लपवतं. म्हणून अधूनमधून हातात घ्यावं. छातीचं हाड सुरीसारखं लागलं तर वजन उतरलंय. तळपाय उलटा करून बघा: काळी खपली आणि सूज म्हणजे जखमेतून जंतू आत गेलेत. सिमेंटच्या अंगणात हे हमखास होतं. पिल्लांचे पाय वाकडे पडू लागले तर खाद्य तपासा. कोंबडीच्या पिल्लांपेक्षा बदकांना नायसिन (एक ब जीवनसत्त्व) बरंच जास्त लागतं.

मुंबईच्या पावसाची बदकांना काळजी नाही. काळजी आहे ती सादळलेल्या खाद्याच्या पोत्याची. दाण्यावरच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृत पोखरतं, आणि बदकाची पिल्लं त्याला फारच हळवी. 1960 मध्ये इंग्लंडात बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीने लाखभर टर्की मेल्या, बदकाची पिल्लंही गेली. त्यातूनच हे विष सापडलं. दाणे भाजले-शिजवले तरी ते पुरतं जात नाही, त्यामुळे कुबट वास आला की पोतं फेकायचं, हळहळायचं नाही.

बर्ड फ्लूचं प्रकरण वेगळं. 2006 मध्ये नवापूरला तो कोंबड्यांत आला तेव्हा महाराष्ट्राला कळला. बदकं मात्र त्याचा विषाणू काही लक्षण न दाखवताही बाळगू शकतात. एकाएकी दोन-तीन पक्षी मेले तर उघड्या हातांनी उचलू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा.