एंड झोनमध्ये पाडलं म्हणजे सेफ्टीच?

अमेरिकन फुटबॉलबद्दल एक समज पक्का बसलाय: चेंडूवाला स्वतःच्या एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाला असलेल्या पट्ट्यात) पडला की सेफ्टी, समोरच्यांना 2 गुण. हे अर्धवट खरं आहे.

समजा, धावपटू स्वतःच्या एंड झोनपासून 1 यार्डावरच्या रेषेवर पोहोचला आणि तिथे बचावपटूंनी त्याला धरून मागे एंड झोनमध्ये रेटत नेऊन पाडलं. ही सेफ्टी नाही. चेंडू जिथवर पुढे पोहोचला होता, तिथेच ठेवला जातो. यालाच फॉरवर्ड प्रोग्रेस म्हणतात. पंच पाहतात चेंडू. खेळाडूचे पाय किंवा धड कुठे होतं, यावर निकाल ठरत नाही. सेफ्टी टाळायची तर अख्खा चेंडू एंड झोनबाहेर आलेला हवा; थोडासा भाग जरी आत राहिला, तरी सेफ्टी.

मात्र तो आपणहून मागे पळत गेला आणि तिथे पकडला गेला, तर हे संरक्षण नाही. 2008 मध्ये डेट्रॉइट लायन्सचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) डॅन ऑर्लोव्स्की पाठलाग चुकवताना एंड झोनच्या मागच्या सीमारेषेबाहेर गेला. कोणी त्याला रेटलं नव्हतं. मिनेसोटा वायकिंग्जना 2 गुण मिळाले आणि सामना त्यांनी 12-10 असा जिंकला.

म्हणून रिप्लेमध्ये आधी पाहा: चेंडू मागे नेला कोणी?