व्हॉल्व्ह स्प्रिंग बदल (जुनी सागरी इंजिने)

इंजिनाच्या मोठ्या कामात सिलिंडर हेड उतरवल्यावर व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या स्प्रिंगा मोजून, पारखून नव्या बसवण्याचे काम. बोटींच्या जुन्या चार-स्ट्रोक पेट्रोल व डिझेल इंजिनांत ते हमखास निघते. पिस्टन, रिंगा, बेअरिंगे यांच्यापुढे ते किरकोळ समजले जाते आणि खर्चाच्या दृष्टीने तसे ते आहेच. पण चालत्या इंजिनात स्प्रिंग तुटली तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये उतरू शकतो, पिस्टन त्यावर आदळतो आणि नुकतेच बांधलेले इंजिन पुन्हा खोलावे लागते. मोठ्या जहाजांची मंदगती दोन-स्ट्रोक इंजिने येथे अभिप्रेत नाहीत. त्यांच्या अलीकडच्या पिढ्यांत एग्झॉस्ट व्हॉल्व्ह पोलादी स्प्रिंगऐवजी कोंडलेल्या हवेच्या दाबाने मिटतो.

कार्य : व्हॉल्व्ह उघडतो कॅम, म्हणजे कॅमशाफ्ट या फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, आणि मिटवते स्प्रिंग. मिटवण्याइतकेच महत्त्वाचे तिचे दुसरे काम म्हणजे टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर ही कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारी सगळी साखळी कॅमच्या उतारावरही त्याला चिकटून ठेवणे. दाब कमी पडला की वाढत्या वेगात ही साखळी कॅमपासून सुटते, व्हॉल्व्ह उशिरा आणि आपटून बसतो. यालाच व्हॉल्व्ह तरंगणे म्हणतात. पेट्रोल इंजिनांच्या सुरुवातीच्या काळात आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला कॅमच नसे. पिस्टनच्या ओढीने तो उघडे, म्हणून त्याची स्प्रिंग मुद्दाम अगदी हलकी ठेवीत.

कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. मिनिटाला २,००० फेऱ्यांवर प्रत्येक स्प्रिंग मिनिटाला १,००० वेळा, म्हणजे तासाला ६० हजार वेळा दबते. हजार तासांत हा आकडा ६ कोटींवर जातो. चांगल्या पोलादाची, न गंजलेली स्प्रिंग हे सहज सोसते.

खराबी : ‘स्प्रिंग नरम पडली’ असे कारागीर म्हणतात, ते शब्दशः खरे नाही. स्प्रिंगची ताठरता, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला लागणारे बल, तारेची जाडी, वेढ्याचा व्यास, वेढ्यांची संख्या आणि पोलादाचा स्थितिस्थापक गुणांक यांवर ठरते. हा गुणांक वयाने घटत नाही. घटते ती मोकळी लांबी. सततच्या दाबाने आणि उष्णतेने पोलाद किंचित बसते, स्प्रिंग काही अंशाने बुटकी होते आणि ठरलेल्या उंचीवर बसवल्यावर कमी दाब देते. समजा, ताठरता मिलिमीटरला ३ किलो आणि व्हॉल्व्ह बंद असतानाचा दाब ३० किलो आहे. लांबी २ मिलिमीटर घटली तर ६ किलो, म्हणजे पाचवा हिस्सा गेला. तोच व्हॉल्व्ह १० मिलिमीटर उघडल्यावर दाब ६० ऐवजी ५४ किलो राहतो, म्हणजे तेथे तूट दहाव्या हिश्शाची. बुटक्या स्प्रिंगचा फटका आधी बैठकीला, म्हणजे मिटलेला व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेला, बसतो तो यामुळे. व्हॉल्व्ह घट्ट टेकत नाही, दाब गळतो आणि एग्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळू लागते.

सागरी इंजिनात खरा शत्रू मात्र गंज आहे. अशी इंजिने चालून जितकी झिजतात त्याहून अधिक उभी राहून खराब होतात, असे म्हणायला हरकत नाही. महिनोन्‌महिने बंद असलेल्या इंजिनात स्प्रिंगांवरचे तेल निथळून जाते, रॉकर कव्हरखाली दमट हवेचे पाणी जमते आणि तार उघडी पडते. इंजिन ज्या स्थितीत थांबले त्या स्थितीत काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. पाण्याने थंड होणाऱ्या एग्झॉस्ट नळीतून आलेली खारट ओल उघड्या एग्झॉस्ट व्हॉल्व्हवाटे सिलिंडरपर्यंत पोहोचते, आणि त्याच व्हॉल्व्हची स्प्रिंग वर्षानुवर्षे पूर्ण दाबलेली असते. एकाच हेडमधल्या स्प्रिंगांच्या लांबीत फरक सापडतो तेव्हा या शक्यतेचा विचार करावा.

ताठरता तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलते. गंजाने सगळी तार सारखीच ५ टक्के बारीक झाली असे मानले, तरी ताठरता सुमारे १८ टक्क्यांनी उतरते. प्रत्यक्षात गंज सारखा लागत नाही, तो खड्डे पाडतो, आणि हे अधिक घातक. दबलेल्या स्प्रिंगमध्ये सर्वांत जास्त ताण वेढ्याच्या आतल्या बाजूच्या पृष्ठभागावर असतो. तेथे पडलेला टाचणीच्या टोकाएवढा खड्डाही चिरेचे उगमस्थान ठरतो. याच कारणाने कारखान्यात तारेवर बारीक पोलादी छर्ऱ्यांचा मारा करतात; त्याने पृष्ठभागात दाबाचा ताण कोंडला जातो आणि चीर उमलायला अडथळा येतो. गंज हा संरक्षक थरच खाऊन टाकतो.

म्हणून गंजलेली स्प्रिंग घासूनपुसून वापरण्याचा मोह टाळावा. ती आम्लात बुडवून साफ करणे तर त्याहून वाईट. आम्लाच्या क्रियेत सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो व ते ठिसूळ करतो. चकचकीत दिसणारी स्प्रिंग मग काही तासांत तुटू शकते. विजेच्या साहाय्याने चढवलेल्या जस्ताच्या मुलाम्यालाही हाच धोका आहे.

तपासणी : मोकळी लांबी व्हर्निअर कॅलिपरने मोजतात. सपाट पृष्ठावर स्प्रिंग गुण्याला लावून उभी केली की तिचा कल दिसतो. वरच्या टोकाशी साधारण १.६ मिलिमीटरहून जास्त फट पडली तर ती बाद करण्याचा प्रघात आहे. वाकडी स्प्रिंग व्हॉल्व्हचा दांडा एका बाजूला रेटते आणि गाइड, म्हणजे दांडा ज्यात सरकतो ती नळी, झिजवते. या दोन्ही तपासण्या केवळ प्राथमिक आहेत. निर्णायक मोजमाप म्हणजे बसवण्याच्या उंचीला दाबल्यावर स्प्रिंग किती बल देते, आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावरच्या उंचीला किती. यासाठी स्प्रिंग टेस्टर लागतो. आकडे त्या इंजिनाच्या पुस्तिकेत असतात; त्यापेक्षा दाब १० टक्क्यांहून अधिक कमी भरला तर स्प्रिंग बदलण्याची पद्धत बरीच रूढ आहे. पुस्तिका नसेल तर जुन्या संचातील स्प्रिंगांची आपसात तुलना करतात, पण सगळ्याच सारख्या बसल्या असतील तर ही तुलना फसवते.

खड्डे किंवा ओरखडे दिसले की मोजमापाची गरज उरत नाही. एक स्प्रिंग तुटलेली निघाली तर संपूर्ण संच बदलावा, कारण बाकीच्यांनी तितकेच फेरे आणि तीच ओल सोसलेली असते.

काढणे व बसवणे : हेड बाकावर असेल तर काम सरळ आहे. व्हॉल्व्हच्या तळव्याला आधार देऊन सी-आकाराच्या शिकंज्याने स्प्रिंग दाबायची, दांड्याच्या खाचेतले दोन कॉटर, म्हणजे स्प्रिंगवरची टोपी दांड्याला अडकवून धरणारे तुकडे, चिमट्याने किंवा चुंबकाने उचलायचे आणि शिकंजा सावकाश सैल करायचा. जुन्या इंजिनात कॉटर वरच्या टोपीत रुतून बसलेले असतात. आधी टोपीवर हलका ठोका दिल्यास ते सुटतात. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण दाबलेली स्प्रिंग निसटली तर ती कुठे जाईल याचा नेम नसतो. व्हॉल्व्ह, कॉटर आणि टोप्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने ठेवतात. स्प्रिंगवर खूण करायला पंच किंवा कानस वापरू नये, आणि तारेला पक्कडही लावू नये.

हेड न काढताही बोटीतच स्प्रिंग बदलता येते. पिस्टन वरच्या टोकाला आणून स्पार्क प्लगच्या छिद्रातून दाबाची हवा सोडली की व्हॉल्व्ह जागेवर धरला जातो. पिस्टन नेमका टोकाला नसेल तर ही हवा क्रँक फिरवते, हे विसरून चालत नाही. दुसरा उपाय जुना आणि बिनखर्ची: छिद्रातून स्वच्छ दोर आत सारायचा आणि क्रँक हाताने फिरवून तो पिस्टनने व्हॉल्व्हखाली दाबून धरायचा. दोराचे टोक अर्थातच बाहेर ठेवतात. साइड-व्हॉल्व्ह इंजिनात स्प्रिंगा हेडमध्ये नसून ब्लॉकच्या बाजूच्या कप्प्यात असतात, आणि बोटीच्या अरुंद कोनाड्यात तेथे शिकंजा घालणे हीच मोठी कसरत ठरते.

वेढे एका टोकाला दाट असतील तर ते टोक स्थिर बाजूला, म्हणजे हेडकडे येते. असमान अंतराच्या वेढ्यांचा हेतू स्प्रिंगमध्ये उठणारी कंपनाची लहर मोडणे हा असतो. दोन स्प्रिंगा एकात एक असतील तर त्यांचे पीळ उलट दिशांना असतात, म्हणजे एकीचे वेढे दुसरीत अडकत नाहीत. एक तुटली तरी दुसरी व्हॉल्व्हला काही काळ सावरून धरते, हा या रचनेचा आणखी एक फायदा.

बसवण्याची उंची : नव्या स्प्रिंगा टाकूनही दाब कमी भरतो तो बहुधा येथे. बैठक आणि व्हॉल्व्हची कड तासल्यावर व्हॉल्व्ह आधीपेक्षा खोल बसतो, त्याचा दांडा तेवढाच पुढे सरकतो आणि स्प्रिंगला जास्त जागा मिळते. वरच्याच उदाहरणात ०.८ मिलिमीटर सरकण्याने सुमारे २.४ किलो दाब जातो. तेवढ्याच जाडीची शिम, म्हणजे पातळ चकती, स्प्रिंगखाली टाकून तो भरून काढतात. शिम ही तासकामाची भरपाई आहे. बसक्या स्प्रिंगला उचलून धरण्यासाठी ती वापरणे म्हणजे दुखणे झाकणे. शिम वाढवताना पूर्ण उघड्या स्थितीत वेढ्यावर वेढा टेकत नाही हे प्रत्येक व्हॉल्व्हवर पाहतात. वेढ्यांमधली एकूण फट साधारण १.५ मिलिमीटर राहावी असा संकेत आहे. वेढे टेकले तर पुशरॉड वाकतो किंवा कॅम सोलला जातो.

निवड : जुनी अनेक सागरी इंजिने मोटारींच्या वा ट्रॅक्टरांच्या ब्लॉकवर बेतलेली असल्याने त्यांचे सुटे भाग वापरायची सोय दिसते. बसणारी स्प्रिंग चालणारी असेलच असे नाही. सागरी आवृत्तीचा कॅमशाफ्ट वेगळा असू शकतो आणि बोटीचे इंजिन तासन्‌तास जड भाराखाली चालते. एग्झॉस्ट व्हॉल्व्हला फिरवणारी टोपी असेल तर तिथली स्प्रिंग बुटकी असते. ती आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगशी अदलाबदल करता येत नाही. शर्यतीच्या इंजिनांच्या दणकट स्प्रिंगा टाकण्यातही लाभ नाही. मंदगती इंजिनात तेवढ्या दाबाचा उपयोग नसतो, आणि सपाट टॅपेटचा नवा कॅमशाफ्ट असेल तर सुरुवातीच्या चालीतच त्याचे उंचवटे झिजतात.

बसवण्याआधी स्प्रिंगांना तेल चोपडतात. इंजिन लगेच सुरू होणार नसेल तर रॉकर सैल ठेवतात, म्हणजे कोणतीच स्प्रिंग उघड्या उंचीला दबलेली राहत नाही. टॅपेटची फट पहिल्या काही तासांच्या चालीनंतर पुन्हा मोजतात. ती कमी भरली तर व्हॉल्व्ह बैठकीत आणखी खाली गेला असे समजावे.