चादरीमागचा अ‍ॅम्प : घरगुती ऑडिओ-बैठकांची पार्श्वभूमी

रविवारची सकाळ, कुणाच्या तरी घरचा हॉल. टीपॉय बाहेर काढलेला, सोफा मागच्या भिंतीला लावलेला, जमिनीवर तीन अ‍ॅम्प्लिफायर आणि सोललेल्या वायरींची टोकं. तंबोऱ्याची जवारी कोणत्या अ‍ॅम्पवर खुलते, डग्ग्याचा घुमारा कोणत्या स्पीकरवर मोकळा येतो, यावर चहा गार होईपर्यंत चर्चा. एकाला खर्ज भरदार वाटतो, दुसऱ्याला तोच गढूळ. अशा बैठकांना मी बरीच वर्षं जातो, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न मात्र तिथे क्वचितच विचारला जातो: ऐकू आलेला फरक अ‍ॅम्पमधला होता, की आपल्या तुलनेच्या पद्धतीतला? या प्रश्नाला शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे.

तुलनेचा पहिला मोठा सोहळा घरात नव्हे, नाट्यगृहात झाला. १९१५ पासून पुढची सुमारे दहा वर्षं एडिसनची कंपनी अमेरिकेत गावोगावी ‘टोन टेस्ट’ भरवत असे. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. मध्येच दिवे मालवायचे आणि आता गाते आहे ती बाई की तबकडी, ते श्रोत्यांनी ओळखायचं. लोक फसत, कारण गायिका आपला गळा यंत्राच्या ताकदीला आणि पोताला जुळवून घेत. म्हणजे यंत्र माणसाइतकं चांगलं ठरलं नव्हतं, माणूस यंत्राइतका खाली आला होता. तरीही काळोखात, नजर बाजूला ठेवून तुलना करण्याची कल्पना तिथे होती, हे विसरू नये.

घरात तुलना करायला आधी सुटे भाग हवेत. रेडिओग्राम, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच कपाटात, हे एक सलग फर्निचर होतं. त्यातला अ‍ॅम्प काढून मित्राचा लावून बघू, असं म्हणायची सोयच नव्हती. ती कोंडी फोडणाऱ्यांत डी. टी. एन. विल्यमसन हे ब्रिटिश इंजिनिअर पुढे होते. एप्रिल १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात त्यांनी १५ वॉटच्या व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीची निर्वात काचनळी) अ‍ॅम्प्लिफायरची रचना छापली. केटी६६ व्हॉल्व्हची जोडी, काटेकोर गुंडाळलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर, भरपूर निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर पडणारा सिग्नल उलटा आत देऊन चूक कमी करणं) आणि डिस्टॉर्शन, म्हणजे अ‍ॅम्पने आवाजात घातलेली विकृती, ०.१ टक्क्याच्या आसपास. जगभरच्या हौशी लोकांनी हा अ‍ॅम्प घरी जोडला. सर्किट सगळ्यांचं तेच, पण ट्रान्सफॉर्मर कुणाचा कसा, यावर आवाज ठरे. मग आपला डबा उचलून दुसऱ्याच्या घरी नेणं ओघाने आलंच.

अ‍ॅम्प उचलता येत होता, स्पीकर नव्हता. चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी लागे. १९४६ चा क्लिपश्हॉर्न तर खोलीचा कोपरा अडवूनच उभा राही. १९५४ मध्ये एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये अकूस्टिक रिसर्च कंपनी काढली आणि हवाबंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखं वापरून शेल्फवर मावेल एवढ्या स्पीकरमधून खोल खर्ज काढून दाखवला. त्याच काळात इंग्लंडमध्ये व्हार्फडेल या स्पीकर कंपनीचे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी क्वाड या अ‍ॅम्प बनवणाऱ्या कंपनीच्या पीटर वॉकर यांना सोबत घेऊन लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये प्रत्यक्ष वादन आणि ध्वनिमुद्रण एकापाठोपाठ ऐकवलं. पुढे अकूस्टिक रिसर्चनेही फाइन आर्ट्‌स क्वार्टेट या तंतुवाद्यांच्या चौकडीला घेऊन तसेच कार्यक्रम केले. वादक गज चालवतच राहत आणि आवाज मात्र मधूनच स्पीकरमधून येऊ लागे. या कार्यक्रमांविषयी मला आदर आहे, कारण मूळ सूर समोर ठेवून तुलना करण्याची हिंमत त्यांनी दाखवली. घरच्या बैठकीत तो मूळ सूर नसतो. तिथे एका डब्याची तुलना दुसऱ्या डब्याशीच होते.

सत्तरच्या दशकात ट्रान्झिस्टरने व्हॉल्व्हला जवळजवळ हटवलं आणि भांडण पेटलं. मोजमापात सरस असलेले नवे अ‍ॅम्प कित्येकांच्या कानांना रूक्ष लागत. १९७८ मध्ये क्वाडच्या तीन पिढ्या, म्हणजे व्हॉल्व्हचा क्वाड टू आणि ट्रान्झिस्टरचे ३०३ व ४०५, जाणकार श्रोत्यांना नाव न सांगता ऐकवल्या गेल्या. जेम्स मॉयर यांनी घेतलेल्या त्या चाचणीत श्रोत्यांची उत्तरं अंदाजपंचे उत्तरांहून वेगळी निघाली नाहीत. क्षमतेच्या आत चालवलेले चांगले अ‍ॅम्प ओळखू येत नाहीत, हा निष्कर्ष अनेकांना अपमानासारखा बोचला.

याच्या एक वर्ष आधी डेट्रॉइट परिसरातल्या हौशी मंडळींनी जे केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वात मोलाचं वाटतं. त्यांच्या क्लबचं नाव साउथईस्टर्न मिशिगन वूफर अँड ट्वीटर मार्चिंग सोसायटी. अ‍ॅम्प्लिफायरमधला फरक ऐकू येतो की नाही, यावर सदस्यांत वाद झाला आणि वाद घालत बसण्याऐवजी त्यांनी एक स्विचपेटी बनवली. ए हा एक अ‍ॅम्प, बी हा दुसरा आणि एक्स म्हणजे या दोहोंपैकी कोणता तरी. कोणता, हे पेटीलाच ठाऊक. हवं तितक्या वेळा फिरवून ऐका आणि एक्स कोण ते लिहा. असे १६ डाव. निव्वळ नाणेफेकीने १६ पैकी १२ किंवा त्याहून जास्त उत्तरं बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे, म्हणून १२ जमली तर फरक ऐकू आला असं मानायचं. एबीएक्स ही कल्पना बेल लॅबमधल्या मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० मध्येच मांडली होती. पण ती हॉलमधल्या सतरंजीवर आणली या लोकांनी. त्यांच्यापैकीच डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात ती सविस्तर मांडली.

त्या पद्धतीतली खरी मेख पेटीत नव्हती, आवाजाची पातळी जुळवण्यात होती. दोन अ‍ॅम्पची पातळी ०.१ डेसिबलच्या आत आणल्याशिवाय चाचणी सुरू करायची नाही. कारण साधं आहे. आवाज अर्धा डेसिबल चढला, तर आपल्याला तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘खुललेला’ वाटतो. हळू आवाजात आपला कान खर्ज कमी ऐकतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच आलेखांनी दाखवलं होतं. पातळी किंचित वाढली की खर्ज भरतो, बारकावे पुढे येतात आणि आपण त्याचं श्रेय अ‍ॅम्पला देतो. आमच्या बैठकीत कित्येक वर्षं हेच होत होतं, असं आता माझं ठाम मत आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: असं घाईघाईने स्विच फिरवून काय कळणार, घरी महिनाभर ऐकावं तेव्हा फरक उमगतो. क्लार्क यांनी तेही तपासलं. मुद्दाम अडीच टक्के डिस्टॉर्शन घालणारे सीलबंद डबे श्रोत्यांना घरी नेऊन निवांत ऐकायला दिले. ते ओळखणं त्यांना जमलं नाही. तेच डिस्टॉर्शन एबीएक्स पेटीवर तासाभराच्या आत पकडलं गेलं. आवाजाची आठवण फार थोडा वेळ टिकते, म्हणून झटपट अदलाबदल कानाला मदतच करते.

याचा अर्थ सगळे अ‍ॅम्प सारखे, असा मात्र नाही. १९८५ मध्ये अमेरिकी अ‍ॅम्प-निर्माते बॉब कार्व्हर यांनी ‘स्टीरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांशी पैज लावली, की तुमच्या पसंतीच्या महागड्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आवाज मी माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमधून काढून दाखवतो. दोन्ही अ‍ॅम्पना एकच सिग्नल देऊन, निघणाऱ्या आवाजांची वजाबाकी करत, उरलेला फरक नाहीसा होईपर्यंत ते आपलं सर्किट जुळवत राहिले आणि संपादकांना दोहोंतला भेद करता आला नाही. यातून एक गोष्ट उघड झाली. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याच्या बाहेर पडण्याच्या टोकाचा विद्युत अडथळा, जास्त असतो आणि आठ ओहम म्हणवणारा स्पीकर प्रत्यक्षात कुठे चार, कुठे तीस ओहम असतो. त्या चढउतारांप्रमाणे आवाजाचा समतोल बदलतो. म्हणून ३००बी व्हॉल्व्हवरचा आठ वॉटचा सिंगल-एंडेड (जोडीऐवजी एकाच व्हॉल्व्हवर चालणारा) अ‍ॅम्प खरोखरच वेगळा ऐकू येतो आणि एका घरी तो गोड लागला तरी दुसऱ्या स्पीकरवर तसा लागेलच असं नाही.

आपल्याकडे हे सगळं वेगळ्या वाटेने आलं. १९९१ च्या आधी परदेशी अ‍ॅम्प म्हणजे आखातातून किंवा जहाजावरून परतणाऱ्या कुणीतरी आणलेली चीज. बाकीच्यांसाठी सोनोडाइन, कॉस्मिक, नॉर्ज, नाहीतर घरची जोडणी. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर, आणि खिशात २एन३०५५ ट्रान्झिस्टरची जोडी. तेव्हा एकमेकांकडे अ‍ॅम्प नेण्यामागे रसिकतेआधी गरज असे: हम (विजेची घूंघूं) येतो का, हीट सिंक किती तापते, ट्रान्सफॉर्मर कमी पडतो का. त्या तुलनेत एक सरळपणा होता.

स्पीकरचं प्रकरण अ‍ॅम्पहून अवघड. इथे फरक खरे आणि ढोबळ असतात, पण नजरही तितकीच लुडबुड करते. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर त्याच लोकांना एकदा दिसताना आणि एकदा पडद्याआड ऐकवले. दिसत असताना मोठ्या, देखण्या पेट्यांना गुण चढले आणि छोट्या स्वस्त संचाचे घसरले. शिवाय स्पीकर फूटभर सरकवला तरी खर्ज बदलतो. टाइल्सची फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या आपल्या फ्लॅटमध्ये तर खोलीच अर्धा आवाज ठरवते. हार्मन या ऑडिओ कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यासाठी पडद्यामागे स्पीकर काही सेकंदांत एकाच जागी आणून ठेवणारी यंत्रणा आहे.

आमच्याकडे त्या जागी दोन धडधाकट मित्र, जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा आणि दोरीवर टाकलेली पातळ सुती चादर असते. स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून टेस्ट टोनने पातळी जुळवायची. वायरी बदलणाऱ्याने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहायचं, कागद सगळ्यांसमोर उघडायचे आणि मगच चादर काढायची.